मुंबईस केव्हां जावें?

प्रवासाचा बेत ठरविण्याची आमच्या खानदेशी घरांतील रीत मोठी गमतीची आहे. कोठें जावयाचें तें मुलें ठरवितात; किती दिवस राहावयाचें तें कर्ते पुरुष ठरवितात; बरोबर काय न्यावयाचें तें स्त्रिया ठरवितात. पण केव्हां जावयाचें, हा प्रश्न कोणी विचारीतच नाहीं. तो शाळेच्या सुटीनें परस्पर सोडविलेला असतो. परीक्षा आटोपल्या, निकाल लागले, कीं वैशाखाच्या ऐन उन्हांत जळगांवच्या फलाटावर बॅगा, पाण्याच्या बाटल्या, पापड-कुरडयांचे डबे आणि चारदोन पेंगुळलेलीं मुलें यांची रांग लागते. धुळ्याची मंडळी आग्रा रस्त्यानें एस. टी. धरितात. सर्वांच्या मनांत समजूत एकच : मुंबईस समुद्र आहे, तेव्हां तेथें गार असेल. आठ दिवसांनीं हीच मंडळी घामोळ्यांनीं भरलेल्या पाठी घेऊन परत येतात आणि वर्षभर सांगत राहतात कीं, मुंबई हें कांहीं माणसांनीं राहण्याचें गांव नव्हे.

मुंबईवर हा अन्याय आहे. दोष गांवाचा नसून वेळेचा आहे. तेव्हां या महिन्यांत आपण याच प्रश्नाचा थोडा विस्तारानें विचार करूं.

प्रथम उन्हाची गोष्ट. मे महिन्यांत जळगांव-भुसावळकडे पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. मुंबईंत तो बहुधा ३३-३४ अंशांवर थांबतो. आंकडे पाहून आमच्या माणसाला वाटतें, अकरा-बारा अंशांची सवलत मिळाली! पण शरीराला थंड करण्याचें काम पारा करीत नाहीं, घाम करतो. आणि घाम वाळला तरच तें काम होतें. घरांतील माठाचेंच उदाहरण घ्या. माठाच्या अंगावर पाझरलेलें पाणी हवेंत उडून जातें आणि जातां जातां आंतल्या पाण्याची उष्णता घेऊन जातें. आपल्याकडील वैशाखाची हवा इतकी कोरडी असते, कीं माठांतलें पाणी दांत शिवशिवण्याइतकें गार होतें. तोच माठ मुंबईच्या खिडकींत ठेवा. तेथील हवा आधींच पाण्यानें भरलेली, ती आणखी पाणी घेण्यास फारशी तयार नसते. माठ अंगानें ओला राहतो आणि पाणी कोमट. माणसाच्या देहाची गति तीच. तापमापकाच्या टोकास ओलें फडकें गुंडाळून ठेविलें, तर जळगांवच्या ४४ अंशांच्या कोरड्या दुपारीं तो २३-२४ अंशांपर्यंत उतरूं शकतो. मुंबईच्या ३४ अंशांच्या दमट दुपारीं तो २८ च्या खालीं सहसा जात नाहीं. आपल्याकडे घरोघर लागणारे वाळ्याचे कूलर मुंबईंत कां चालत नाहींत, याचेंहि उत्तर यांतच आहे. शिवाय आपल्याकडे गच्चीवर पहांटे जो गार झुळुका येतो, तो मुंबईच्या मे महिन्यांत मिळत नाहीं. रात्रहि दिवसासारखीच चिकट.

कालिदासानें 'ऋतुसंहारां'त सहा ऋतु वर्णिले आणि त्यांचा आरंभ ग्रीष्मापासून केला. मुंबईकराला मात्र सहा ऋतूंची चैन परवडत नाहीं. त्याच्या वांट्यास एक दीर्घ पावसाळा, दोन उन्हाळे आणि मधली एक लहानशी सुखाची फट, एवढेंच येतें. वेधशाळेनें २०२० सालीं सुधारून दिलेल्या तारखांप्रमाणें मुंबईंत मोसमी पाऊस साधारणतः ११ जूनच्या सुमारास दाखल होतो आणि ८ ऑक्टोबरच्या सुमारास निरोप घेतो. त्याच्या पाठोपाठ आश्विनांतील ऊन येतें. जमीन ओली, आकाश निरभ्र, वारा पडलेला. अशा वेळीं जो उकाडा होतो तो पुष्कळांना मे महिन्यापेक्षांहि जड जातो. शरद् ऋतु ही वैद्यांची माता, असें आपले पूर्वज थट्टेनें म्हणत, तें मुंबईंत विशेष पटतें. दुसरा उन्हाळा फाल्गुनापासून. त्या दिवसांत जमिनीकडून कोरडा पूर्वेचा वारा वाहतो आणि समुद्रावरचा वारा कधीं कधीं दुपार टळेपर्यंत येत नाहीं; तो जितका उशिरा येईल तितकें शहर तापतें. सांताक्रूझच्या वेधशाळेंत आजवरचें सर्वांत मोठें तापमान, ४२·२ अंश, नोंदलें गेलें तें मे महिन्यांत नव्हे, तर १४ एप्रिल १९५२ रोजीं. उलट त्याच ठिकाणीं २२ जानेवारी १९६२ रोजीं पारा ७·४ अंशांपर्यंत उतरला होता. या दोन नोंदी शेजारीं ठेविल्या, तरी आपल्या प्रश्नाचें अर्धें उत्तर हातीं येतें.

आतां पावसाळ्याचा विचार. मुंबईचा पाऊस पाहण्याची हौस खानदेशी माणसाला असणें स्वाभाविक आहे. आम्ही आषाढांतहि आकाशाकडे डोळे लावून बसणारे लोक. पण त्या पावसाचें मान वेगळें. २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझ येथें चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. जळगांव किंवा धुळें येथें साधारण वर्षाच्या बारा महिन्यांतहि इतका पडत नाहीं! आणि लक्षांत घेण्यासारखी गोष्ट अशी कीं, त्याच दिवशीं दक्षिणेस कुलाब्यास ७३ मिलिमीटरच पडला. अर्थात् मुंबईंत पाऊस किती, हा प्रश्न अपुरा आहे. कोणत्या मुंबईंत, हेंहि विचारलें पाहिजे. कोटांत उतरलेल्या पाहुण्याला छत्री पुरते, तेव्हांच उपनगरांतल्या यजमानाच्या दारांत पाणी आलेलें असतें.

यांत समुद्राचाहि हात असतो. पावसाचें पाणी अखेर समुद्रासच जावयाचें. परंतु भरती असली कीं समुद्र तें घेत नाहीं, आणि सखल भागांत पाणी तुंबतें. भरतीची वेळ जाणण्यास आपल्या घरचें पंचांग पुरेसें आहे. अमावास्या आणि पौर्णिमा यांच्या सुमारास, विशेषतः त्यांच्या पुढील एकदोन दिवशीं, भरती सर्वांत मोठी असते आणि मुंबईंत ती दुपारीं बाराच्या सुमारास व पुन्हां मध्यरात्रीच्या सुमारास येते. पुढें रोज ती सुमारें पाऊण तासानें मागें पडत जाते. म्हणून अष्टमीच्या आसपास दुपारीं ओहोटी असते आणि त्या दिवसांत भरतीहि बेतानेंच चढते. पावसाळ्यांत जाणें भागच पडलें, तर षष्ठीपासून दशमीपर्यंतचे दिवस निवडावे. पाऊस कोसळलाच, तर निदान समुद्र तरी त्यास सामील होणार नाहीं.

वाटेचाहि विचार हवा. जळगांवाहून मुंबई रेल्वेनें सुमारें ४२० किलोमीटर. धुळेंकरांना चाळीसगांवपर्यंत १९०० सालीं सुरू झालेला शाखामार्ग, नाहीं तर मालेगांव-नाशिकवरून सडक. इगतपुरी ते कसारा हा थळघाट १८६५ सालीं रेल्वेस खुला झाला. तेथें ३७ फुटांस एक फूट असा चढ आहे, म्हणून परततांना पुष्कळ गाड्यांना मागून जादा इंजिनें जोडावीं लागतात. अतिवृष्टींत या घाटांत दरड कोसळली, कीं गाड्या तासन्‌तास अडकतात. सडकेनें जाणाऱ्यांची सोय मात्र अलीकडे वाढली आहे. समृद्धि महामार्गाचा इगतपुरी ते आमणें हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजीं खुला झाला आणि सुमारें आठ किलोमीटरांच्या बोगद्यानें कसाऱ्याचा घाट टाळतां येऊं लागला. तरी पूर्वजांची रीत विसरूं नये. तापी, गिरणा, पांझरा यांचे पूर ओसरले, वाटा वाळल्या, कीं विजयादशमीला सीमोल्लंघन करून मग माणसें प्रवासास निघत. त्यांच्यापाशीं वेधशाळा नव्हती, पण शहाणपण होतें.

मग भाद्रपदांतला गणेशोत्सव? गिरगांवांतील केशवजी नाईकांच्या चाळींतील उत्सव १८९३ पासूनचा, लालबागचा १९३४ पासूनचा. हें वैभव एकदां डोळ्यांखालून घालावें, यांत शंका नाहीं. पण तें धडधाकट तरुणांनीं. ज्यांच्या घरीं स्वतःचा गणपति बसतो, त्यांना त्या दिवसांत उंबरठा ओलांडतां येत नाहीं. आणि तासन्‌तास रांगेंत उभें राहणें हें वृद्धांचें व लहान मुलांचें काम नव्हे.

राहतां राहिली ती मघांशीं सांगितलेली सुखाची फट. आमच्या मतें मार्गशीर्षांतील चंपाषष्ठी ते माघांतील रथसप्तमी, म्हणजे स्थूलमानानें डिसेंबरपासून फेब्रुवारीच्या पूर्वार्धापर्यंत, हाच मुंबईचा खरा काळ. हवा कोरडी असते, पहांटे अंगावर शाल घ्यावीशी वाटते आणि दुपारींहि पायीं हिंडतां येतें. घारापुरीच्या लाँचा, ज्या पावसाळ्यांत समुद्र खवळला कीं बंद पडतात, त्या या दिवसांत शांतपणें जातात. मात्र सोमवारीं लेणीं बंद असतात, हें ध्यानांत ठेवावें. कान्हेरीच्या पायऱ्या चढण्यास हाच काळ बरा. शिवडीच्या खाडीवर रोहित पक्ष्यांचे गुलाबी थवे याच दिवसांत उतरलेले असतात. राणीचा बाग बुधवारीं बंद, बाकी दिवशीं मुलांना मनसोक्त हिंडवावें. तेथील पेंग्विन तेवढे २०१७ पासून शीतगृहांत राहतात, त्यांना ऋतूची अडचण नाहीं. आणि ज्यांना वास्तु पाहण्याची आवड आहे, त्यांनीं बोरीबंदरचें स्थानक, टाउन हॉल आणि छत्रपति शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय या त्रयीस एक अख्खा दिवस द्यावा. घाम पुसत पाहिलेली इमारत कधीं लक्षांत राहत नाहीं.

चंपाषष्ठी हीच मर्यादा आम्ही कां घातली, हें गृहिणींच्या ध्यानांत आलेंच असेल. चातुर्मासांत वर्ज्य केलेलें वांगें पुष्कळ घरांतून त्या दिवशीं खंडोबाच्या भरीत-रोडग्यांच्या नैवेद्यानें पुन्हां पानांत येतें. आणि जळगांवच्या भरिताच्या वांग्यांचा बहरहि तोच. मुंबईंत राहणाऱ्या खानदेशी लेंकीच्या घरीं चार किलो हिरवींगार भरिताचीं वांगीं आणि कळण्याचें पीठ घेऊन गेलात, तर वर्षाची माहेरची भूक भागेल. मे महिन्यांत तुम्ही नेणार काय?

याहि काळांत कांहीं दिवस वर्ज्य आहेत. ६ डिसेंबरच्या महापरिनिर्वाणदिनीं दादरच्या चैत्यभूमीवर देशभरांतून लक्षावधि लोक येतात. त्या दोनतीन दिवशीं गाड्यांत पाय ठेवण्यास जागा नसते. नाताळापासून नव्या इंग्रजी वर्षापर्यंतचा आठवडा सहलकऱ्यांचा. जानेवारींतील मॅरेथॉनच्या रविवारीं सकाळीं अनेक रस्ते बंद असतात. हे दिवस वगळून मकरसंक्रांतीनंतरचा पंधरवडा धरला, तर उत्तम. १ नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचें आरक्षण प्रवासाच्या ६० दिवस आधींच सुरू होतें, पूर्वींप्रमाणें १२० दिवस आधीं नाहीं; तेव्हां दिवाळीचा फराळ संपतां संपतांच तिकिटाचा विचार करावा. मुलगा कल्याण-डोंबिवलीकडे राहत असेल, तर कल्याणासच उतरावें. बोरीबंदरापर्यंत जाऊन ५० किलोमीटर उलट येण्यांत अर्थ नाहीं. लोकलनें हिंडावयाचें तें सकाळीं अकरानंतर, आणि परतावें दुपारीं चारच्या आंत.

एक अपवाद मात्र स्पष्ट सांगितला पाहिजे. ज्यांना दमा किंवा छातीचा विकार आहे, त्यांनीं डॉक्टरांना विचारल्याखेरीज हिंवाळ्यांत मुंबई गांठूं नये. थंडींत वारा मंदावतो, धूळ आणि धूर जमिनीलगतच कोंडून राहतात आणि सकाळीं शहरावर करडा थर दिसतो. अशांपैकीं कांहींना पावसानें धुतलेली श्रावण-भाद्रपदांतली हवा अधिक मानवते. एकच ऋतु सर्वांस पथ्यकर, असा नियम नाहीं.

येथपर्यंत हवेचा विचार झाला. परंतु प्रवासास आणखी एक ऋतु असतो, तो यजमानाचा. पंचांगांत तो सांपडत नाहीं. आपलीं मुलें-सुना ज्या दोन खोल्यांत राहतात, तेथें पांच माणसें आठ दिवसांकरितां उतरलीं म्हणजे काय होतें, याचा विचार वडीलधाऱ्यांनींच करावयास हवा. कारण सून तोंडानें बोलणार नाहीं. मुंबईस पाणी येतें तें भातसा, तानसा, वैतरणा इत्यादि सात तलावांतून, आणि ते भरतात पावसाळ्यांत. वैशाखापर्यंत त्यांचा तळ दिसूं लागतो आणि पुष्कळदां पाणीकपात होते. पाण्याची टंचाई काय असते, हें आम्हां खानदेशवाल्यांना कोणी शिकवावयास नको. मग नेमक्या त्याच महिन्यांत पांच जणांच्या स्नानाचा भार दुसऱ्याच्या घरीं कां टाकावा? मुलगा बँकेंत असेल तर मार्चअखेर त्याला घरीं जेवावयासहि सवड नसते. नातवंड दहावी-बारावीस असेल तर फेब्रुवारी-मार्चमध्यें त्या घरांत मोठ्यानें बोलणेंहि पाप. म्हणून तिकीट काढण्यापूर्वीं फोनवर "आम्ही अमुक तारखेस येत आहों" असें न सांगतां, "तुम्हांला केव्हां बरें पडेल?" असें विचारावें. आणि विचारावें तें सुनेला. मुलगा "केव्हांहि या" असेंच म्हणणार. त्याला घरांत किती दूध लागतें हें ठाऊक नसतें.

यजमानांनींहि एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. "केव्हांहि या" हें आमंत्रण नव्हे. म्हातारीं माणसें त्यावर "बघूं पुढच्या वर्षीं" असें उत्तर देतात, आणि वर्षें निघून जातात. आमच्या परिचयाच्या धुळ्याच्या एका वृद्ध बाईंना समुद्र पाहावयाचा होता. एका वर्षीं नातीचें लग्न, दुसऱ्या वर्षीं घराचें बांधकाम, तिसऱ्या वर्षीं आणखी कांहीं. अखेर त्या मुंबईस गेल्या, त्या भर जुलैंत, परळच्या रुग्णालयांत. चाळीस दिवस राहिल्या. खाटेपासून समुद्र दोन-तीन किलोमीटरांवर होता. तो त्यांना दिसला नाहीं, आणि परत आल्यावर त्यांनीं त्याचें नांवहि काढलें नाहीं. मुलांनीं तारीख घालून, तिकिटें काढून, "अमक्या दिवशीं मी न्यावयास येतों" असें सांगितलें, तरच तें बोलावणें. गुडघे एकदां बसले म्हणजे सर्वांत सुखाचा ऋतूहि कांहीं उपयोगाचा नाहीं.

आणि शेवटीं, ज्या कामाला ऋतु पाहावयाचाच नाहीं, त्याविषयीं. आपल्या भागांतून मुंबईस जाणाऱ्यांत औषधोपचाराकरितां जाणारे कमी नाहींत. १९४१ सालीं स्थापन झालेलें परळचें टाटा रुग्णालय खानदेशच्या खेड्यापाड्यांतहि ठाऊक आहे. दादरला गाडगे महाराजांच्या नांवाची धर्मशाळा अशा रुग्णांना व त्यांच्या माणसांना आसरा देते. तरीहि घरोघर ऐकूं येतें : "पाऊस जाऊं द्या", "दिवाळी होऊं द्या", "गांठ आहे, पण दुखत नाहीं". गांठ दुखत नाहीं, हा दिलासा नव्हे. पुष्कळशा घातक गांठी आरंभीं दुखतच नाहींत. स्त्रिया तर घरचें सर्व उरकल्याखेरीज स्वतःचें दुखणें सांगतच नाहींत. आणि घरचें सर्व कधींच उरकत नाहीं. अशा वेळीं पंचांग मिटून ठेवावें. गांवांतील डॉक्टरांनीं चिठ्ठी दिली कीं मिळेल त्या गाडीनें निघावें. मग तो वैशाख असो कीं आषाढ, अमावास्या असो कीं पितृपक्ष.

शाळेच्या सुटीचें काय, असें आयाबाया विचारतील. संबंध कुटुंबानें एकदमच गेलें पाहिजे, असा शास्त्रार्थ नाहीं. संक्रांतीच्या पुढें प्रजासत्ताकदिनास जोडून शनिवार-रविवार आला, तर तीनचार दिवसांत मुलांना मुंबई दाखवितां येते, आणि शाळेचा एखादा दिवस बुडाला तर आभाळ कोसळत नाहीं. आयुष्य वर्गांत घालविलेल्या माणसाचें हें मत आहे. मे महिन्याच्या सुटींत मुलांना पाठवावयाचेंच असेल, तर उलट मुंबईच्या नातवंडांना इकडे आणावें. वाळ्याच्या कूलरसमोर, आमरसाच्या वाट्या घेऊन, त्यांची दुपार सुखाची जाईल. रात्रीं गच्चीवर झोंपलीं म्हणजे त्यांना तारे दिसतील, जे मुंबईंत दिसत नाहींत. आजी-आजोबांनीं पौषांत तिकडे जावें, नातवंडांनीं वैशाखांत इकडे यावें, अशी देवाणघेवाण घरोघर ठरली, तर दोन्हीं गांवांची निंदा थांबेल.

येत्या दिवाळींत सर्व मंडळी एकत्र जमतील, तेव्हां भिंतीवरचें कॅलेंडर खालीं काढून घरांतल्या वडील माणसांना एकच विचारावें : मुंबईंत तुमचें काय पाहावयाचें राहिलें आहे? उत्तर मिळालें, कीं त्याच बैठकींत तारखेवर खूण करावी.